टेस्ट हिरवी, टूल आडवं: क्लिक आणि पायटेस्ट वापरताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

टेस्ट आधी लिहिली. ती लाल, म्हणजे नापास, झालेली डोळ्यांनी पाहिली. मग कोड लिहिला, टेस्ट हिरवी, म्हणजे पास, झाली, कोड नीटनेटका केला, टेस्ट अजून हिरवीच. सगळं शिस्तीत. आणि तरी दुसऱ्याच्या मशीनवर तेच टूल पहिल्याच कमांडला आडवं पडतं. किंवा उलटं होतं: टूल व्यवस्थित चालतंय, पण टेस्ट दिवसा हिरवी आणि रात्री लाल. कारण शोधावं, दुरुस्त करावं, पंधरा दिवस शांततेत जावेत, की पुन्हा तसंच काहीतरी. गेल्या वर्षभरात हे इतक्या वेळा झालं की आता सगळी कारणं एका जागी लिहून काढते आहे. पायथनमध्ये क्लिक ही कमांड-लाइन टूल बांधायची लायब्ररी आणि पायटेस्ट हे टेस्ट चालवायचं साधन वापरून टूल बांधणाऱ्याला यातलं एखादं तरी नक्की भेटेल.

आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंदूरला आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं एक छोटं वाचनालय आहे. पुस्तकांच्या नोंदी आजवर जाड रजिस्टरात होत्या. त्या संगणकावर आणायच्या म्हणून मी नोकरी सांभाळून एक टूल लिहिते आहे. त्यात चार कमांड आहेत: नोंद, दे, परत आणि यादी. वाचनालय बघणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर कीबोर्डवर आकडे बडवलेले, त्यामुळे माउसपेक्षा त्यांना काळ्या खिडकीत कमांड लिहिणं सोपं जातं. म्हणून कमांड-लाइन. माझा लॅपटॉप लिनक्सचा, वाचनालयातला संगणक विंडोजचा, आणि कोड पुश केला की टेस्ट्स चालवणारा सर्व्हर तिसरीकडे, त्याचं घड्याळ युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. तीन मशीन, तीन तऱ्हा.

आधी हा एक प्रश्न विचारा

साध्या फंक्शनची टेस्ट लिहिताना आत काय जातं ते समोर दिसतं. जेवढी आर्ग्युमेंट्स, म्हणजे आपण हाताने दिलेल्या किमती, तेवढंच. कमांडचं तसं नसतं. आर्ग्युमेंट्सच्या बरोबरीने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (मशीनकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंग्ज) आत येतात, चालू फोल्डर येतो, होम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल येते, घड्याळ आणि टाइमझोन येतो, आउटपुट स्क्रीनवर जातंय की फाइलमध्ये हे येतं, त्याचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करायची पद्धत, येतं, टर्मिनलची रुंदी येते. हे सगळं इनपुटच आहे, फक्त आपण ते हाताने दिलेलं नसतं.

क्लिकचा टेस्ट-रनर, म्हणजे टेस्टमध्ये कमांड चालवून बघणारं साधन, यातल्या काही गोष्टी गुपचूप पक्क्या करून टाकतो. आउटपुट तो मेमरीत घेतो आणि ते युटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग) धरतो. मदतीच्या मजकुराची रुंदी ८० अक्षरांवर बांधतो. रंगांचे कोड काढून टाकतो. बाकीच्या गोष्टींना तो हातच लावत नाही: घड्याळ खरं, होम फोल्डर खरं, चालू फोल्डरही खरं, जोवर तुम्ही त्याचं वेगळं फोल्डर बनवून देणारं साधन वापरत नाही तोवर.

म्हणून अडचण आली की कोडमध्ये घुसण्याआधी मी एवढंच विचारते: बिघडलेली गोष्ट रनरने झाकलेली आहे, की उघडी टाकलेली? झाकलेली असेल तर टेस्ट कायम हिरवी राहणार आणि टूल मात्र बाहेरच्या मशीनवर आडवं पडणार. उघडी असेल तर टेस्ट कधी हिरवी, कधी लाल. लक्षणावरूनच निम्मं काम होतं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रविवार वाचले असते.

काकांची रिकामी फाइल

काकांना यादी एक्सेलमध्ये हवी होती. मी फोनवर सांगितलं, यादी कमांड लिहा, पुढे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह द्या आणि फाइलचं नाव लिहा. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन.

"अगं, फाइल तर बनली, पण आत काहीच नाही. शून्य केबी दाखवतंय."

"काका, स्क्रीनवर काही आलं होतं का?"

"आलं ना, आठ-दहा ओळी इंग्रजीत. मला वाटलं, झालं काम."

त्यांनी फोटो पाठवला. वरच्या ओळी चकाकत होत्या, वाचता येत नव्हत्या, पण सगळ्यात खालची दिसत होती: युनिकोड-एन्कोड-एरर, आणि पुढे 'चारमॅप' हा शब्द. विंडोजवर देवनागरी छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'चारमॅप' दिसला की निदान तिथेच झालं समजा.

होतं ते असं. विंडोजच्या खिडकीत थेट छापताना पायथन ३.६ पासून युनिकोड नीट जातं. त्यामुळे काकांना रोज स्क्रीनवर यादी स्वच्छ दिसत होती. पण तेच आउटपुट फाइलकडे वळवलं की पायथन खिडकीशी बोलत नाही, विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात, लिहायला जातो. भारतातल्या इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर ते कोडपेज असतं १२५२. त्यात युरोपातली अक्षरं आहेत, देवनागरीचं एकही नाही. पहिल्याच ओळीच्या पहिल्याच 'क्र'ला प्रोग्रॅम कोसळतो. फाइल मात्र कमांड घेणाऱ्या शेलने आधीच उघडून ठेवलेली असते, म्हणून ती शून्य केबीची उरते.

यादी कमांडच्या माझ्याकडे अठरा टेस्ट्स होत्या, सगळ्या हिरव्या. त्या कधी लाल होणारच नव्हत्या, कारण रनरच्या लेखी आउटपुट नेहमी युटीएफ-८. ही झाकलेल्या गोष्टीची अडचण.

आता टेस्ट आधी लिहायची तर हा बिघाड माझ्या लिनक्सवर घडवून आणायला हवा होता. मी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, 'सी' करून पाहिलं. काहीच झालं नाही. तुम्हीही तेच कराल म्हणून सांगते: पायथन ३.७ पासून लोकेल 'सी' असेल तर पायथन स्वतःहून युटीएफ-८ कडे वळतो, आणि आउटपुट ॲस्की (फक्त रोमन अक्षरांचं एन्कोडिंग) निघालं तर क्लिकसुद्धा त्याऐवजी युटीएफ-८ वापरतो. दोघंही मदत करायला जातात आणि आपला बिघाड लपतो. चाललं ते हे: रनर बाजूला ठेवायचा, सबप्रोसेसने खरं टूल वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू करायचं, आणि त्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथन-आयओ-एन्कोडिंग हे व्हेरिएबल 'सीपी१२५२' द्यायचं. लिनक्सवर, माझ्या टेबलावर, काकांच्या फोटोतली तीच ओळ उमटली. ती लाल टेस्ट पाहून जेवढं समाधान झालं तेवढं हिरवीने क्वचितच दिलं असेल.

दुरुस्ती एका ओळीची आहे. टूल जिथून सुरू होतं तिथे, क्लिककडे ताबा जाण्याआधी, सिस्टिमच्या स्टँडर्ड आउटपुटवर 'रीकॉन्फिगर' बोलवून एन्कोडिंग युटीएफ-८ करायचं. ही सोय ३.७ पासून आहे. पायथन ३.१५ पासून युटीएफ-८ मोड मुळातच चालू राहणार, असं पेप ६८६ या पायथनच्या प्रस्तावात ठरलेलं आहे, पण वाचनालयातल्या मशीनवर कुठला पायथन असेल यावर मी विसंबणार नाही.

काकांचा प्रश्न अजून संपला नव्हता. फाइल भरली, पण एक्सेलमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि शेजारी चलनाचं गोल चिन्ह, अशी रांगच रांग. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे युटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि सगळ्यांची सुरुवात ई-शून्य, ए-चार किंवा ए-पाच अशी असते. एक्सेल ती फाइल १२५२ समजून वाचत होतं, म्हणून तीच चिन्हं पुन्हा पुन्हा. सीएसव्हीच्या, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलच्या, तोंडाशी बॉम ही तीन बाइटची खूण असली की एक्सेल ओळखतं. त्यामुळे यादीला फाइलचं नाव घेणारा वेगळा पर्याय दिला, आणि टेस्ट लिहिली ती मजकुराची नाही, बाइटची: फाइल बायनरी उघडायची, पहिले तीन बाइट ईएफ, बीबी, बीएफ आहेत का ते बघायचं. मजकूर म्हणून उघडली असती तर ही टेस्टसुद्धा खोटी हिरवी झाली असती.

चुकीच्या कारणाने हिरवी

हा प्रकार मला सगळ्यात जास्त लागला, कारण टेस्ट आधी लिहिण्याच्या पद्धतीवरचा माझा विश्वासच त्याने काही दिवस हलवला होता.

नियम साधा: जे पुस्तक आधीच कुणाकडे गेलेलं आहे ते पुन्हा 'दे' म्हटलं तर टूलने "हे पुस्तक बाहेर आहे" असं सांगावं आणि एक्झिट कोड, म्हणजे संपताना प्रोग्रॅम देतो तो निकालाचा आकडा, १ द्यावा. मी टेस्ट लिहिली, एक्झिट कोड १ आहे का. चालवली. 'दे' कमांडच तेव्हा नव्हती, म्हणून क्लिकने 'अशी कमांड नाही' म्हणून २ दिला. टेस्ट लाल, अपेक्षेप्रमाणे. मग कमांड लिहिली. टेस्ट हिरवी. पुढच्या कामाला लागले.

आठवड्याने वाचनालयात काकांनी बाहेर गेलेलं पुस्तक द्यायला घेतलं आणि समोर ट्रेसबॅकची, म्हणजे चूक कुठून आली ते सांगणाऱ्या ओळींची, माळ. त्या फांदीत मी ज्या फंक्शनला बोलवत होते त्याचं नाव एका अक्षराने चुकलं होतं. नेम-एरर. मग टेस्ट हिरवी कशी? तर क्लिकचा रनर कुठलीही न पकडलेली एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) स्वतः गिळतो, निकालाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवतो, आणि एक्झिट कोड १ करतो. आणि क्लिकची स्वतःची सभ्य चूक, म्हणजे क्लिक-एक्सेप्शन, तीसुद्धा १ देते. टेस्टला दोन्ही सारखेच. माझी टेस्ट नियम तपासत नव्हती, ती फक्त 'काहीतरी बिघडलं' एवढंच तपासत होती, आणि काहीतरी बिघडलेलं होतंच.

खऱ्या प्रोसेसमध्ये चालवूनही हे सापडत नाही, हे लक्षात ठेवा. न पकडलेल्या एक्सेप्शनला पायथन स्वतःसुद्धा १ च देतो.

उपाय तीन आहेत आणि मी आता तिन्ही करते. पहिला, रनर बनवताना किंवा इन्व्होक करताना 'कॅच एक्सेप्शन्स' बंद करायचं. मग नेम-एरर थेट पायटेस्टपर्यंत पोचते आणि पूर्ण ट्रेसबॅक मिळतो. क्लिकच्या सभ्य चुका सिस्टिम-एक्झिटने बाहेर पडतात, त्या तरीही नीट पकडल्या जातात, म्हणून याने बाकी टेस्ट्सना धक्का लागत नाही. दुसरा, एक्झिट कोडबरोबर संदेशही तपासायचा. तिसरा, नियमभंगाला आपला स्वतःचा कोड द्यायचा. क्लिक-एक्सेप्शनवरून आपला वर्ग काढला आणि त्यात एक्झिट कोड ३ ठेवला की काम झालं. १ क्रॅशसाठी, २ क्लिकने वापराच्या चुकीसाठी घेतलेला, ३ आमच्या वाचनालयाच्या नियमासाठी. काकांच्या एका बॅच फाइललाही याचा उपयोग झाला.

आणि यापुढे टेस्ट लाल झाली की मी तिथेच थांबून लाल का झाली ते वाचते. 'दे'ची टेस्ट सुरुवातीला लाल झाली ती कमांड नव्हती म्हणून, नियम नव्हता म्हणून नाही. मी कमांडचं रिकामं अंग लिहून, एक्झिट कोड शून्य येऊ देऊन, 'अपेक्षित १, मिळाले ०' अशी लाल आधी पाहायला हवी होती. तेवढी एक पायरी मी ओलांडली.

रात्रीची लाल टेस्ट

पुण्याहून पाहुणे आले होते, त्यांना सराफ्यात घेऊन गेलो होतो. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असलेल्या त्या गल्ल्यांत रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, आणि तिथून कुणी बारापूर्वी परततच नाही. घरी आले तेव्हा पाऊण वाजला होता. झोप येईना म्हणून टेस्ट्स चालवल्या. परतीच्या तारखेची टेस्ट लाल: एक दिवस कमी. सकाळी आठ वाजता पुन्हा चालवली, हिरवी. काहीतरी झालं असेल म्हणून सोडून दिलं. असं तीन वेळा झालं, तिन्ही वेळा मध्यरात्रीनंतर, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

टूलमध्ये आजची तारीख युटीसीवरून काढलेली होती, टेस्टमध्ये स्थानिक घड्याळावरून. आपली वेळ युटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच इंदूरला आजची तारीख असते आणि युटीसीत कालची. उरलेले साडेअठरा तास दोन्ही जुळतात. सर्व्हरचं घड्याळच युटीसीचं, म्हणून तिथे चोवीस तास हिरवी. वाचनालय रात्री उघडं नसतं, त्यामुळे वाचकांचं काही बिघडलं नाही. पण चूक टेस्टची नव्हती, टूलचीच होती, आणि टेस्ट बरोबर तेच ओरडून सांगत होती. अशा वेळी टेस्ट 'चंचल' आहे म्हणून तिला वगळण्याचा मोह होतो. करू नका.

दुरुस्ती: टूलच्या आतल्या कुठल्याही फंक्शनने घड्याळाकडे बघायचं नाही. 'आज' हे बाहेरून आत यायचं. क्लिकमध्ये मी 'आज' नावाचा लपवलेला पर्याय ठेवला. मदतीत तो दिसत नाही, दिला नाही तर स्थानिक तारीख घेतो, आणि टेस्ट्स नेहमी तो देतात. पंधरा दिवसांची मुदत, महिन्याचा शेवट, २९ फेब्रुवारी, सगळं मग दुपारी बारा वाजता बसून तपासता येतं.

असा आणखी कुठला बिघाड लपला आहे का हे बघायला एक युक्ती फार कामाची आहे. सगळ्या टेस्ट्स टीझेड व्हेरिएबल बदलून दोनदा चालवायच्या: एकदा युटीसीच्या बारा तास मागे असलेल्या झोनमध्ये, एकदा चौदा तास पुढे असलेल्या, पॅसिफिक महासागरातल्या किरितिमाती बेटाच्या झोनमध्ये. पहिल्यात आपल्या पहाटे साडेपाचपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तारीख युटीसीपेक्षा वेगळी असते, दुसऱ्यात दुपारी साडेतीनपासून पहाटे साडेपाचपर्यंत. म्हणजे कुठल्याही वेळी चालवा, दोहोंपैकी एक तरी घोटाळा बाहेर काढतोच. जागरण करायला नको. (बारा तास मागचा झोन लिनक्सवर 'ईटीसी/जीएमटी' आणि पुढे अधिक बारा असा लिहितात. चिन्ह उलटं असतं, मी तिथेही एकदा फसले.)

दोन कीबोर्ड, एक शब्द

'कऱ्हाड' शोधलं तर काकांना शून्य पुस्तकं. रजिस्टरात पाच. माझ्या शोधाच्या टेस्ट्स हिरव्या.

इथे रनरचा काही दोष नाही. टेस्टमधला डेटाही मी टाइप केला होता आणि शोधायचा शब्दही मीच, एकाच कीबोर्डवरून. 'ऱ्ह'मधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, युनिकोडमध्ये त्याचा स्वतंत्र ऱ आहे, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, युनिकोड २.० च्या काळापासूनची पद्धत, काही कीबोर्ड अजून तीच वापरतात. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखे. एनएफसी या नॉर्मलायझेशनने, म्हणजे तेच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणण्याच्या पद्धतीने, पहिले दोन एक होतात. तिसरा वेगळाच राहतो, तो आपल्याला स्वतः बदलावा लागतो.

मी आता मजकूर आत घेतानाच एनएफसी करते आणि तिसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करते. टेस्टमध्ये हे शब्द अक्षरांनी लिहीत नाही, युनिकोड क्रमांकांनी लिहिते. अक्षरांनी लिहिलेली टेस्ट वाचायला छान दिसते, पण तिच्यात नेमकं काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि एखाद्या एडिटरने सेव्ह करताना बदललं तर तेही कळत नाही.

देवनागरीचा आणखी एक त्रास म्हणजे यादीचे रकाने. पायथन मोजतो ते कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे सुटे क्रमांक. 'ज्ञानकोश'मध्ये ते आठ आहेत, 'इतिहास'मध्ये सहा, आणि वाचणाऱ्याला दोन्हीत अक्षरं चारच दिसतात. वीस जागांचा रकाना मागितला की पायथन आपल्या हिशेबाने बरोबर भरतो आणि स्क्रीनवर ओळी वाकड्या येतात. भरलेल्या जागांसकट संपूर्ण ओळ जुळवणारी टेस्ट यात काहीच मदत करत नाही, ती वाकड्या ओळीलाच बरोबर म्हणते. मी रकाने सोडले. स्क्रीनसाठी एका पुस्तकाची माहिती एकाखाली एक छापते आणि टेस्टमध्ये फक्त मजकूर आहे की नाही ते बघते.

बाकीची, पटकन

टेस्ट एकटी हिरवी, सगळ्यांबरोबर लाल, आणि संदेश 'बंद फाइलवर इनपुट-आउटपुट': लॉगिंगचा हँडलर, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणारा भाग, कमांडच्या आत बनतोय. पहिल्या टेस्टमध्ये तो रनरच्या नकली स्टँडर्ड एररला (चुकांचे संदेश छापायच्या वाटेला) धरून बसतो, टेस्ट संपली की ती बंद होते, दुसऱ्या टेस्टमध्ये तोच जुना हँडलर तिथे लिहायला जातो. कमांडच्या सुरुवातीला जुने हँडलर काढून नवा लावा.

माझ्याकडे हिरवी, सहकाऱ्याकडे लाल, आणि दोघांचा कोड तोच: आधी क्लिकची आवृत्ती बघा. ८.२ मध्ये रनरचा 'मिक्स एसटीडीईआरआर' हा पर्याय काढून टाकला, तो दिला तर टाइप-एरर येते. तिथून पुढे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर निकालात नेहमी वेगवेगळे मिळतात. त्याच आवृत्तीत, कमांडच्या ग्रुपला काहीच आर्ग्युमेंट न देता मदत दिसली तर एक्झिट कोड ० ऐवजी २ झाला. आमची एक टेस्ट नेमकी त्यावर पडली. आवृत्ती फाइलमध्ये पक्की लिहून ठेवा.

फक्त माझ्याच मशीनवर हिरवी: बहुतेक होम फोल्डरमध्ये तुमची कॉन्फिग फाइल पडलेली आहे आणि टूल ती वाचतंय. क्लिकचं ॲपच्या फोल्डरचा पत्ता देणारं फंक्शन लिनक्सवर एक जागा देतं, विंडोजवर दुसरी. मी डेटाच्या फोल्डरसाठी स्वतःचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलं आणि प्रत्येक टेस्टमध्ये ते पायटेस्टच्या तात्पुरत्या फोल्डरकडे वळवलं. एकदा ही तजवीज राहून गेली होती तेव्हा टेस्टने माझी खरी नोंदवही पुसली होती. बॅकअप होता.

टायपर हे क्लिकसारखंच दुसरं साधन वापरत असाल तर तेही क्लिकवरच उभं आहे, पण मदतीचा मजकूर रिच या रंगीत छपाईच्या लायब्ररीने रंगवतं. काही सीआय सर्व्हरवर (कोड पुश केला की टेस्ट्स चालवणाऱ्या) ते रंग जबरदस्तीने चालू होतात आणि पर्यायाच्या नावाच्या मधोमध रंगाचे कोड घुसतात. मग दोन डॅश आणि नाव असा शोध सापडत नाही. तुलना करण्याआधी क्लिकच्या 'अनस्टाइल'मधून मजकूर गाळून घ्या.

आता टेस्ट कशा मांडल्या आहेत

बहुतेक टेस्ट्स अजूनही रनरवरच आहेत, कारण त्या वेगवान आहेत आणि दर मिनिटाला चालवता येतात. पण एकच फिक्स्चर, म्हणजे टेस्टआधीची तयारी करणारं फंक्शन, सगळ्यांना रनर देतं, आणि त्यातच एक्सेप्शन गिळणं बंद, डेटाचं फोल्डर तात्पुरतं, 'आज' ठरलेला. कुठल्याही टेस्टने स्वतःचा रनर बनवायचा नाही. त्याशिवाय दहा-बारा टेस्ट्स खऱ्या प्रोसेसच्या आहेत. त्या प्रत्येकीला पायथन नव्याने सुरू करावा लागतो, म्हणून हळू चालतात. त्यांना वेगळं मार्कर लावलंय आणि त्या पुश करण्याआधी चालतात. त्यांतली प्रत्येक टेस्ट काकांच्या एकेका फोनमधून आलेली आहे. फोन आला की आधी तो बिघाड माझ्या मशीनवर लाल करून दाखवायचा, मगच कोडला हात लावायचा, एवढा नियम पाळते.

एक टेस्ट अजून लाल आहे. यादी काकांच्या रजिस्टरच्या क्रमाने हवी. त्यांच्या रजिस्टरात ळ वर्णमालेतल्या जागी, ह च्या नंतर आहे, त्यामुळे 'काळे' हे नाव 'कासार'च्या नंतर येतं. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये पडतो, म्हणून माझ्या यादीत 'काळे' आधी येतात. लोकेलवर सोपवून पाहिलं, तर सर्व्हरवर मराठी लोकेल बसवलेलंच नव्हतं आणि टूल तिथेच थांबलं. तेव्हा क्रमाची सारणी स्वतः लिहायला घेतली आहे. तोवर ती टेस्ट पायटेस्टच्या 'एक्सफेल' (लाल होणं अपेक्षित) या खुणेखाली, कडक पर्यायासह ठेवली आहे, म्हणजे ज्या दिवशी ती चुकून हिरवी होईल त्या दिवशी पायटेस्ट मला अडवेल. काकांनी विचारलं, "काळे खाली जातील ना दिवाळीपर्यंत?" मी हो म्हटलंय.